मुलं व्हॉलीबॉलच्या सर्व्हिसची वही रोज भरतात, तरी सर्व्हिस जागच्या जागी. नोंद नेमकी कशाची ठेवायला लावावी?

नेटपलीकडे:

१२ ते १४ वर्षांच्या १६ मुलामुलींचा व्हॉलीबॉलचा गट आहे. आठवड्यातून चार दिवस दीड तास सराव, त्यातली २० मिनिटं सर्व्हिसला. सध्या उभ्याने मारायची फ्लोटिंग सर्व्हिस (चेंडू न फिरता जाणारी) शिकवणं चालू आहे. मुलांनी स्वतःच्या खेळावर स्वतः लक्ष ठेवावं म्हणून प्रत्येकाला वही दिली. त्यात रोज तीन रकाने: आजचं ध्येय, दहापैकी किती सर्व्हिस आत पडल्या, उद्या काय सुधारायचं.

सहा आठवड्यांनंतरच्या वह्या अशा दिसतात. ध्येयाच्या रकान्यात सगळीकडे 'चांगली सर्व्हिस करणे'. आकडा ४, ७, ५, ६ असा वरखाली, चढ कुठेच नाही. शेवटच्या रकान्यात 'लक्ष द्यायला हवं' किंवा 'जोर लावायला हवा'. वही सराव संपल्यावर दप्तर भरता भरता लिहिली जाते.

तीन प्रश्न आहेत. या वयाच्या मुलाला ध्येय नेमकं कशाचं द्यावं? नोंद कधी आणि किती करायची, म्हणजे सरावाचा वेळ खाल्ला जाणार नाही? आणि आकडा घसरला की काही जण हिरमुसतात, त्यांचं काय करायचं?

मोजपट्टी:

अडचण मुलांच्या आळसाची नाही, रकान्यांची आहे. 'किती आत पडल्या' हा निकाल आहे. टॉस (मारण्याआधी चेंडू वर उडवणं), पाऊल, खांदा, तळव्याचा फटका, या सगळ्याची बेरीज त्यात येते. ४ आकडा पाहून मुलाला पुढच्या चेंडूला काय बदलायचं ते कळत नाही, म्हणून तो 'लक्ष द्यायला हवं' असं लिहितो. त्याच्याकडे लिहायला दुसरं काही नसतंच.

बॅरी झिमरमन आणि अनास्तासिया कित्सांतास या संशोधकांनी १९९७ मध्ये शाळकरी मुलींना डार्ट फेकायला शिकवताना हेच तपासलं होतं. सुरुवातीपासून फक्त गुणांवर डोळा ठेवणाऱ्या मुली सर्वांत मागे राहिल्या. फेकण्याच्या कृतीवर ध्येय ठेवणाऱ्या त्यांच्या पुढे गेल्या. आणि आधी कृतीचं ध्येय ठेवून, हात बसल्यावर गुणांच्या ध्येयाकडे वळलेल्या मुली सर्वांत पुढे. स्वतःची नोंद ठेवण्याचा फायदा त्यात वेगळा दिसला. म्हणजे वही ही कल्पना बरोबरच आहे, फक्त निकालाचा रकाना फार लवकर आलाय.

कृतीचं ध्येय निवडताना एकच कसोटी लावा: ते झालं की नाही हे मुलाला स्वतःला, लगेच, हो किंवा नाही असं सांगता येतं का? 'कोपर वर ठेवणे' या कसोटीवर नापास होतं, कारण सर्व्हिस मारताना स्वतःचं कोपर दिसत नाही. टॉस मात्र पास होतो.

म्हणून सुरुवात टॉसपासून. उजव्या हाताच्या मुलाचा डावा पाय पुढे असतो. चेंडू मारत्या खांद्याच्या समोर, पूर्ण वर ताणलेल्या हाताच्या थोडा वर जाईल एवढाच उडवायचा. खाली, मारत्या खांद्याच्या रेषेत आणि पुढच्या पावलाच्या किंचित पुढे, खडूने ४० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. टॉस करायचा, मारायचं नाही, चेंडू खाली पडू द्यायचा. वर्तुळात पडला तर उभी रेघ, बाहेर पडला तर टिंब. टिंब कुठल्या बाजूला ते महत्त्वाचं, म्हणून कार्डावर छोटं वर्तुळ छापून ठेवा आणि मुलाला टिंब त्या त्या बाजूला द्यायला सांगा. पाच-सहा टिंबं एकाच बाजूला जमली की मुलाला सांगावं लागत नाही, तोच म्हणतो, 'माझा टॉस मागे जातोय.'

पहिल्या दिवशी ध्येय देऊ नका. ३० टॉस मोजा. समजा १४ आत पडले. मग त्या मुलाचं ध्येय १७ किंवा १८. शेजारच्याचे २३ आले असतील तर त्याचं २६. सलग दोन सरावांत गाठलं की तीन-चारने वाढवा. सलग तीन सरावांत हुकलं तर आकडा खाली आणू नका, काम सोपं करा: वर्तुळ ६० सेंटिमीटरचं करा. आकडा उतरवला की मुलाला ती हार वाटते, वर्तुळ मोठं केलं तर तो नवा टप्पा वाटतो.

प्रत्यक्ष मारायला लागल्यावर चेंडू खाली पडत नाही, मग वर्तुळ कामाचं राहत नाही. तिथे पायाला साक्षीदार करा. पुढचं पाऊल जिथे टेकायला हवं तिथे खडूची खूण. टॉस नीट असेल तर पाऊल खुणेवर येतं. वाकडा असेल तर मूल चेंडूमागे जातं आणि पाऊल खुणेबाहेर पडतं. मारून झाल्यावर खाली बघितलं की उत्तर मिळतं.

टॉस बसला की दुसरं ध्येय: चेंडू फिरायला नको. फ्लोटिंग सर्व्हिसची सगळी गंमत त्यातच आहे, आणि रंगीत पट्ट्यांचा चेंडू असेल तर तो फिरतोय का हे मारणाऱ्याला स्पष्ट दिसतं. फिरला तर फटका चेंडूच्या मध्यावर बसला नाही, किंवा मनगट मोडलं. 'मनगट घट्ट ठेव' असं ध्येय लिहून देऊ नका, 'चेंडू न फिरता जाऊ दे' असं द्या. हालचाली कशा शिकल्या जातात यावर संशोधन करणाऱ्या गॅब्रिएल वुल्फ यांच्या १९९८ पासूनच्या कामात हे पुन्हा पुन्हा दिसलंय की लक्ष स्वतःच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर हालचाल चांगली बसते. मुलांच्या बाबतीत याचा आणखी एक फायदा आहे. परिणाम दिसतो, म्हणून मोजता येतो.

निकालाचं ध्येय केव्हा? टॉस दहापैकी आठ, तेही सलग तीन सरावांत, आणि सरावाच्या पहिल्या पाच चेंडूंतही तसाच येत असेल तेव्हा. शेवटच्या पाचांत सगळ्यांचंच बरं येतं, त्यावर भरवसा नको.

नोंद दर पाच चेंडूंनंतर करायची. प्रत्येक चेंडूनंतर केली तर लय तुटते. शेवटी एकदम केली तर आठवणीवर जाते, आणि मुलांना शेवटची सर्व्हिस तेवढी आठवते. पाच चेंडू, दहा सेकंद नोंद, पुढचे पाच. जाड कागदाचं तळहाताएवढं कार्ड आणि दोरीला बांधलेली पेन्सिल पुरते. वही नको, ती दप्तरातच राहते.

सरासरी:

वरच्या उत्तराला जोड. ४, ७, ५, ६ यांत 'चढ नाही' म्हणता, पण घसरणही नाही, आणि या आकड्यांतून दोन्हींपैकी काहीच कळू शकत नाही.

ज्या मुलाची दर दुसरी सर्व्हिस आत पडते, त्याने काहीही न बदलता रोज दहा मारल्या तर दहापैकी जवळपास नऊ दिवस त्याचा आकडा ३ ते ७ यांच्यामध्ये कुठेही येईल. नाणं उडवल्यासारखं आहे ते. म्हणजे सोमवारी ७ वर शाबासकी आणि मंगळवारी ४ वर काळजी, दोन्ही नाण्याला दिलेल्या. मुलं हिरमुसतात त्याचं मोठं कारण हेच: नशिबाच्या हेलकाव्याला ती आपली लायकी समजतात.

रोज ३० सर्व्हिस, चार दिवस, म्हणजे आठवड्याला १२०. त्याच मुलाचा आठवड्याचा आकडा बहुतेक वेळा ४९ ते ७१ यांच्यामध्ये राहील, म्हणजे शेकडा ४१ ते ५९. इथेही बरीच ढिलाई आहे. त्यामुळे निकालाचा आलेख आठवड्याला एकच ठिपका देऊन काढा आणि किमान चार ठिपके झाल्याशिवाय त्यावर बोलू नका. कृतीच्या ध्येयात, म्हणजे टॉसमध्ये, फरक मोठा आणि लवकर येतो, १४ वरून २४ असा. तो हेलकाव्याच्या बाहेर उठून दिसतो. या वयात आधी कृती मोजायची, त्याचं हेही एक कारण.

चाचणी घ्यायची असेल तर दोन आठवड्यांतून एकदा, २० सर्व्हिस, सरावाच्या सुरुवातीला, नेहमीचं वॉर्मअप झाल्यावर लगेच. घोटून झाल्यावर घेतलेल्या चाचणीत त्या तासाची उब मोजली जाते. आदल्या दिवसापासून टिकलेलं तेच शिकलेलं. चेंडू तेच आणि हवा तेवढीच ठेवा. व्हॉलीबॉलच्या नियमात दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आहे. मऊ पडलेला चेंडू तळव्याला चिकटून सुटतो आणि मुलाला वाटतं आपलंच काही बिघडलं.

कडेची खुर्ची:

तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण माझ्या मते तोच सगळ्यांत मोठा आहे.

हुकल्यावर मूल स्वतःला कारण काय देतं, त्यावर पुढचा प्रयत्न ठरतो. 'मला जमतच नाही', 'माझ्यात जोर कमी आहे' ही कारणं उद्यापर्यंत बदलता येत नाहीत. 'टॉस मागे गेला' हे पुढच्या चेंडूला बदलता येतं. वर सांगितलेल्या डार्टच्या अभ्यासातही हुकण्याचं कारण पद्धतीत शोधणाऱ्या मुलींचा स्वतःवरचा विश्वास जास्त होता. बास्केटबॉलच्या फ्री थ्रोवर टिमोथी क्लिअरी आणि झिमरमन यांनी २००१ मध्ये केलेल्या तुलनेत तरबेज मुलं हुकल्यावर तंत्रातलं नेमकं कारण सांगत होती, नवखी मुलं मोघम.

म्हणून 'उद्या काय सुधारायचं' हा मोकळा रकाना काढून टाका. त्याजागी अर्धवट वाक्य छापा: 'चेंडू ……… गेला, कारण टॉस ……… होता. पुढच्या पाचांत मी ……… .' पहिल्या दोन आठवड्यांत कारणांची पट्टी कार्डाच्या मागे द्या, कारण मुलांकडे अजून शब्द नसतात. नेटमध्ये गेला: टॉस फार पुढे, किंवा चेंडू खाली येईपर्यंत थांबून मारला. उंच उडून बाहेर गेला: टॉस डोक्याच्या मागे, म्हणून फटका चेंडूच्या खालून. बाजूला गेला: टॉस खांद्याच्या रेषेबाहेर, किंवा पाऊल आडवं पडलं. फिरत गेला: फटका मध्यावर नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पट्टी बंद, मुलं आपल्या शब्दांत लिहितात.

दुसरं, प्रामाणिकपणा. कार्ड भिंतीवर लावलं, क्रमवारी काढली किंवा त्यावरून संघ निवडला की त्या दिवसापासून आकडे खोटे होतात. मुलं वाईट म्हणून नव्हे, तर वही म्हणजे परीक्षा झाली म्हणून. कार्ड मुलाचं आहे. तुम्ही आठवड्यातून एकदा बघायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: 'या आठवड्यात तुझ्या कार्डाने तुला काय सांगितलं?' आकडा कमी का, असं कधीच विचारू नये.

तरीही पडताळा हवा. प्रत्येक मुलाचे पाच चेंडू तुम्ही वेगळे मोजा, त्याच पाचांची त्याची नोंद शेजारी ठेवा. एकाचा फरक चालतो. दोन किंवा जास्त असेल तर मूल खोटं बोलतंय असं धरू नका. वर्तुळाच्या रेषेवर पडलेला चेंडू आत धरायचा की बाहेर, हेच बहुतेक वेळा ठरलेलं नसतं. ठरवून टाका: रेषेला स्पर्श म्हणजे आत.

आणखी एक, जे सहज निसटतं. सर्वांत झपाट्याने उंची वाढण्याचा काळ मुलींमध्ये सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांमध्ये चौदाव्याच्या आसपास येतो. म्हणजे तुमचा अख्खा गट त्यातच आहे. हात-पाय लांबतात, बसलेला टॉस महिन्याभरात विस्कटू शकतो. दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंची मोजा. ज्याची भराभर वाढतेय त्याची जुनी आकडेवारी बाजूला ठेवून नवं पहिलं माप घ्या आणि त्याला कारण सांगा. 'तू मागे पडला नाहीस, तुझा हात लांब झालाय, पुन्हा बसवू' एवढं वाक्य त्या मुलाला पुरतं.

तिसरी लेन:

पोहण्याच्या बाजूने एक सावधगिरी. आम्ही मुलांना २५ मीटरमध्ये किती हात मारले ते मोजायला लावतो. एकट्या त्या आकड्याचं ध्येय दिलं की मुलं भिंतीवरून ढकलून नुसती घसरत राहतात. हात २२ वरून १८ होतात आणि वेळ दोन सेकंदांनी वाढते. आकडा सुधारला, पोहणं बिघडलं. म्हणून हात आणि सेकंद नेहमी जोडीने लिहायचे, आणि एक कमी होताना दुसरं वाढता कामा नये.

तुमच्या वर्तुळाचंही तेच होईल. चेंडू आत पाडायचा सोपा मार्ग म्हणजे टॉस बुटका करणं. त्यालाही जोडी द्या.

नेटपलीकडे:

सगळ्यांचे आभार. टॉसच्या उंचीसाठी जोडी काय असावी? आणि १६ जणांना एकाच मैदानावर २० मिनिटांत ३० सर्व्हिस आणि नोंद, हे बसतं का? तिसरं, गटातल्या तिघांचा टॉस आत्ताच दहापैकी नऊ येतो. त्यांना काय देऊ?

मोजपट्टी:

तिसरी लेन यांचं म्हणणं अगदी बरोबर, ते मी लिहायला हवं होतं. उंचीसाठी दोन खांबांना आडवी दोरी बांधा, मुलाने हात पूर्ण वर ताणल्यावर बोटांच्या टोकापासून साधारण ३० सेंटिमीटर वर. चेंडूचा माथा दोरीला पोचायला हवा, पण अख्खा चेंडू दोरीच्या वर जायला नको. उंचीप्रमाणे गट करून तीन दोऱ्या पुरतात. दोरी आणि वर्तुळ दोन्ही जमलं तरच रेघ. सुरुवातीला आकडे धाडकन खाली येतील, ते आधीच सांगून ठेवा आणि पहिलं माप पुन्हा घ्या.

वेळ बसतो. दोघांची जोडी, आठ मारणारे, आठ बघणारे. मैदान ९ मीटर रुंद आहे, प्रत्येक बाजूला चार जण आरामात उभे राहतात. मारणाऱ्यामागे दोन चेंडू, बाकी पलीकडून येत राहतात. बघणारा मारत्या हाताच्या बाजूला, एक पाऊल मागे उभा राहतो. समोरून येणाऱ्या चेंडूंवर त्याचीही नजर हवी. पाच चेंडू आणि नोंद मिळून दीड मिनिट, मग अदलाबदल. प्रत्येकाच्या सहा फेऱ्या म्हणजे बारा गुणिले दीड, १८ मिनिटं. उरलेल्या दोन मिनिटांत अर्धवट वाक्य भरायचं, मैदानावरच, उभ्या उभ्या.

रेघ मात्र मारणाऱ्यानेच ओढायची. बघणाऱ्याने फक्त तेच सांगायचं जे मारणाऱ्याला दिसत नाही, म्हणजे कोपर, आणि तेही विचारलं तरच. जोडीदार दर चेंडूला बोलायला लागला की मूल स्वतः बघणं सोडतं आणि त्याच्या तोंडाकडे बघायला लागतं. प्रशिक्षकालाही हेच लागू. पहिल्या तीन फेऱ्या आपण गप्प राहायचं, हे सगळ्यात अवघड जातं.

त्या तिघांसाठी: आधी न फिरणारा चेंडू, तो दहापैकी सात झाला की निकाल. पण 'आत पडणे' हा निकाल त्यांना देऊ नका, फार ढोबळ आहे. पलीकडच्या मैदानात शेवटच्या ३ मीटरचा पट्टा टेपने आखा आणि त्यात किती पडले ते मोजायला लावा. पट्ट्याच्या मागे लागल्यावर मुलं जोर वाढवतात आणि टॉस पुन्हा सैल होतो, म्हणून प्रत्येक सरावातली एक फेरी, पाच चेंडू, जुन्या टॉसच्या नोंदीसाठी राखून ठेवा. त्या पाचांत दोनपेक्षा जास्त टिंबं दोन सराव लागोपाठ आली तर एक आठवडा पट्टा काढायचा.

सरासरी:

त्या पट्ट्याच्या नोंदीत एक रकाना जास्त ठेवा: पट्ट्यात, पट्ट्याच्या अलीकडे, बाहेर, नेटमध्ये. चारच कप्पे. एकूण आकडा तोच राहिला आणि 'नेटमध्ये'च्या रेघा 'बाहेर'मध्ये सरकल्या तर मूल सुधारतंय. त्याचा फटका आता पुरेसा लांब जातोय, फक्त अंतर आवरायचं राहिलंय. एका आकड्यात हे कधीच दिसलं नसतं.

कडेची खुर्ची:

आणि कार्डाच्या कोपऱ्यात एक चौकोन: 'खांदा किंवा कोपर दुखतंय का? हो / नाही.' रोज १२० फटके झाले की मोजायला उत्साही मुलं घरीही मारत बसतात, म्हणून सरावाबाहेरच्या सर्व्हिसही त्यांना कार्डावर लिहायला सांगा. 'हो' आलं तर त्या दिवशी मारणं बंद, वर्तुळातले टॉस दुसऱ्या हाताने नाही तर त्याच हाताने, पण फटका न मारता, दुखत नसेल तरच. दोन दिवसांत थांबलं नाही तर पालकांना सांगून डॉक्टरांना दाखवायचं. हा चौकोन तुम्ही रोज बघायचा, बाकीचं कार्ड आठवड्यातून एकदा.

मोजपट्टी:

ताई, एक दुरुस्ती: वरच्या हिशेबात १२० हे आठवड्याचे आहेत, रोजचे ३०. मुद्दा मात्र तसाच राहतो. टॉस नेहमी न मारणाऱ्या हाताने होतो, त्यामुळे मारता खांदा दुखत असताना वर्तुळाचा सराव बहुतेकांना चालतो. ३० सर्व्हिसच्या वर घरी काही करायचंच असेल तर टॉसच द्या. त्याला भिंत लागत नाही, जोडीदार लागत नाही, फक्त खडू आणि चेंडू.

कडेची खुर्ची:

बरोबर, आठवड्याचेच १२०, आणि टॉस न मारणाऱ्या हाताचा. दोन्ही ठिकाणी माझं लिहिणं चुकलं. मग कार्डावर असं छापता येईल: घरी फक्त टॉस, जास्तीत जास्त ३०, आणि वर्तुळाचा आकडा वेगळ्या रकान्यात, म्हणजे तो मैदानावरच्या आकड्यात मिसळणार नाही.